रक्त फुटतं म्हणून…

त्याला मी पहिल्यांदा पाहिलं ते लॅबसमोरच्या रस्त्यावर, आणि पाहिल्या पाहिल्या खेकसलेच. बसमधून उतरून रस्ता ओलांडत होते, इतक्यात एक सायकल माझ्या ओढणीला घासून कचकन थांबली.

"मरायचंय का?"

"नाही हो, पोचायचंय," तो धापा टाकत म्हणाला. मागे कॅरियरला निळी पेटी बांधलेली. "चार दवाखान्यांचं रक्त आहे यात. रक्त तपासायची लॅब हीच ना?"

हीच होती. आलेले नमुने घेऊन वेळ नोंदवायचं काम माझंच. आमची व्हॅन रोज सिग्नलला अडकायची, मग पार्किंग शोधत फिरायची. नमुन्यांची पेटी भरल्याशिवाय व्हॅन हलवणं परवडायचं नाही, म्हणून दिवसाला दोनच फेऱ्या. शेवटी आमच्या मालकीणबाईंनी, म्हणजे मॅडमनी, महिनाभर सायकल लावून पाहायचं ठरवलं. ना पेट्रोल, ना पार्किंग, फेऱ्या सहा! व्हॅनला चाळीस मिनिटं लागायची, हा अठरा मिनिटांत हजर.

मॅडम खूश. मी मात्र भित्री भागूबाई. माझा दादा सायकलवरून ट्रकखाली येता येता वाचलाय. त्याच्या पायात अजून सळई आहे. अठराची वीस मिनिटं झाली, की माझा जीव टांगणीला.

"घड्याळवाल्या बाई, आज सतरा!" तो पेटी ठेवत म्हणायचा. बाहीने घाम पुसता पुसता असा बघायचा, की मला नोंदवहीत घालायची तारीखच आठवायची नाही.

"एवढी घाई कशाला?"

"लवकर आलं की जरा जास्त थांबता येतं… इथं."

सुखावायचं सोडून मी जास्तच घाबरले. म्हणजे हा माझ्यापायी ट्रकांच्या मधून घुसत होता! मग मी सरळ थाप मारली. "पेटीला हिसके बसतात ना, त्यानं रक्तपेशी फुटतात. नमुने खराब होताहेत तुमचे. हळू या."

त्याचा चेहरा एवढासा झाला. दुसऱ्या दिवसापासून तो खड्डा दिसला की उतरून सायकल हातात धरून चालायला लागला. तीस मिनिटं… पस्तीस… चाळीस! मला रात्री छान झोप लागायला लागली.

महिना संपताना मॅडमनी दोघांनाही बोलावलं. नोंदवही समोर उघडी होती.

"व्हॅनइतकाच वेळ लागतोय, फेऱ्याही सहाच्या दोनवर आल्यात, दवाखाने कुरकुरताहेत. सोमवारपासून परत व्हॅन."

माझ्या काळजाचं पाणी पाणी झालं.

"नमुने फुटू नयेत म्हणून जपून आणत होतो," तो पुटपुटला.

"फुटायला काय झालं? पहिल्या दिवसापासून उत्तम आहेत."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी गप्प राहिले असते तर तो त्या रस्त्यावरून कायमचा सुटला असता. सुखरूप राहिला असता… पण त्याची नोकरी गेली असती, आणि तोही. दोन्हीची सारखीच भीती वाटत होती.

"मॅडम, मी खोटं बोलले. पेटीत स्पंज आहे, काही फुटत नाही. मलाच… हे रस्त्यात पडतील, अशी भीती वाटते. रोज. प्रत्येक फेरीला."

मॅडमनी चष्म्यावरून आधी मला, मग त्याला पाहिलं. "अगं, त्याच्या पोटावरच पाय देत होतीस की! सायकलच राहील. पण सिग्नल तोडलेला कळला, तर गाठ माझ्याशी आहे." आणि त्या फोन उचलून आतल्या खोलीत गेल्या.

आम्ही दोघंच उरलो. तो रागावेल म्हणून मी मान खाली घातली.

"भीती मलाही वाटते," तो हळूच म्हणाला. "रस्त्याची नाही. पेटी घ्यायला एखाद्या दिवशी दुसरंच कुणी आलं तर… त्याची."

"बावीस मिनिटं," मी कसंबसं म्हटलं. "त्याच्या आत आलात, तर पेटी घेणार नाही मी."

"आणि तेवीस झाली तर?"

"तर घाबरेन. पण आता लपून नाही… सगळ्यांदेखत."

तो इतका लाजला, की रिकामी पेटी न घेताच निघाला, आणि ती घेऊन मला त्याच्यामागे पार रस्त्यापर्यंत धावावं लागलं.