पान एक्केचाळीस

रहस्यकथेचा शेवट फोडणं हा खुनाइतकाच गंभीर गुन्हा आहे, असं सुगत तायडे अमरावतीच्या एका दैनिकातल्या आपल्या पुस्तक-परीक्षणांतून बावीस वर्षं ठणकावत आला होता. त्याने स्वतः तो एकदाच केला होता. दहावीत असताना.

तेव्हा राजापेठेत ताहेरभाईंचं वाचनालय होतं. खिडक्यांना वाळ्याचे पडदे, त्यांच्यावर दिवसभर पाणी; त्यामुळे तिथल्या प्रत्येक पुस्तकाला वाळ्याचा वास यायचा. वाचलेलंच पुस्तक चुकून पुन्हा घरी जाऊ नये म्हणून प्रत्येक वाचक आपली खूण करायचा. पुस्तक संपल्यावरच, पान एक्केचाळीसच्या समासात, पेन्सिलने. सुगतची चांदणी. त्याचा जिवलग मोईजचा पतंग, शेपूट डावीकडे वळलेलं. दोघं एकाच मालिकेच्या मागे होते. तिच्यात एक निवृत्त पोस्टमास्तर खून उकलायचा. सहाव्या भागासाठी मोईज तीन आठवडे थांबला होता, पण नंबर आधी सुगतचा लागला. चांदणीशेजारी त्याने गंमत म्हणून लिहिलं : 'खुनी मुनीम.'

मोईज भांडला नाही. पुस्तक न वाचता परत केलं. त्याच उन्हाळ्यात त्याचं घर अकोल्याला गेलं. पत्ता सुगतकडे पस्तीस वर्षं होता. तो गेला मात्र कधीच नाही.

यंदा डिसेंबरात, इतक्या वर्षांच्या खंडानंतर, त्या मालिकेचा सातवा, शेवटचा भाग आला. परीक्षणासाठी आलेल्या प्रतीचं प्लास्टिक सुगतने स्वतः नखाने फाडलं. वाळ्याचा वास आला. त्याने कूलरकडे पाहिलं. कूलर ऑक्टोबरपासून माळ्यावर होता.

सवयीने पान एक्केचाळीस उघडलं. समासात पतंग होता. शेपूट डावीकडे.

छपाईचा दोष असावा, म्हणून खात्रीला त्याने खोडरबर फिरवलं. पतंग गेला. म्हणजे पेन्सिलच.

सकाळी तो पुन्हा होता.

सुगतने पुस्तक वाचलं, पण शेवटचं प्रकरण ठेवून दिलं. ते मोईजला वाचून दाखवायचं, त्याच्यासोबतच. माफी मागायची दुसरी रीत त्याला येत नव्हती.

अकोल्यात दार मोईजच्या बायकोने, नगमाने उघडलं.

"या ना भाऊ. पन यायले दिसत नाही आता. शुगरनं डोये गेले. सा वर्सं झाले."

मोईज पलंगावर बसून रेडिओ ऐकत होता. पावलांच्या आवाजाकडे त्याने तोंड वळवलं.

"कावून आला बे, मुनीम?"

"सातवा भाग आनला. वाचून दाखवतो."

"वाचला मी."

"कोनं वाचून दाखवला?"

मोईज हसला. "तुयी चांदनी दिसली नाही त्याच्यात. पुरा नाही केला ना अजून?"

"शेवट सांगू नको," एवढंच सुगतच्या तोंडून निघालं.

"मी सांगीन? तुयासारखा आहो का मी?" मोईज उशीला टेकला. "वाच."

सुगत वाचू लागला. मोईजचे ओठ हलत होते.

एक शब्द पुढे.

प्रकरण संपलं तेव्हा नगमाने ठेवलेल्या चहावर साय धरली होती. मोईजने उशीखाली चाचपडून पेन्सिल काढली. टोक केलेली होती. सुगतने पतंगाशेजारी चांदणी काढली.

"आता जोडी जमली बरं," मोईज म्हणाला. "लय दिवस एकटाच होता थो पतंग."

सुगतला रडू आवरेना. "संपली बे आपली मालिका."

"कावून? आठवा हाय ना. याच्याहून भारी." मोईजने रेडिओ पुन्हा लावला. "पन सांगत नाही. तुया नंबर लागन तवा वाचशीन."

परीक्षण रविवारी छापून आलं. शेवट त्यात फोडलेला नव्हता. आठव्या भागाचाही उल्लेख नव्हता. लेखक मार्चमध्येच वारले होते. मृत्युलेख सुगतनेच लिहिला होता.