डाव्या आरशातला माणूस

दक्षिणेतलं आमचं मिल्डुरा गाव सोडल्यापासून कॅरव्हॅन मागे घ्यायचं काम माझं. ते चाकांवरचं घर गाडीला जोडून पुढे कुणीही नेईल. मागे घेताना मात्र भल्याभल्यांची तारांबळ उडते. माझे वडील मालट्रक चालवायचे. त्यांनी एकच नियम माझ्याकडून घोटून घेतला होता: मागे उभं राहून दाखवणाऱ्यानं दोन्ही हात वर केले, की ब्रेक. का, कशाला, विचारायचं नाही.

नवी आलेली गाडी कशी लागते ते बघणं ही आमच्याकडे कॅम्पावरची फुकटची करमणूक. घडीच्या खुर्च्या मांडायच्या, हातात बिअर घ्यायची, आणि स्टिअरिंगवर बाई दिसली की शेरे सुरू. "बाई, तो नळ तेवढा ठेव हं, अजून अंघोळ व्हायचीय!" आणि मी एका दमात लावायची. मागे नवरा, मरे, दाखवायचा. आमची सहा वर्षांची लेक टिल्डा इंजिन बंद होईपर्यंत मागच्या सीटवरून हलायची नाही. गर्व होता का? होता की! का नसावा?

कूबर पीडीच्या पुढे एका थांब्यावर मरे शेजारी घोरत होता. म्हटलं, झोपू दे बिचाऱ्याला. तेवढ्यात डाव्या आरशात जुनी हॅट घातलेला एक माणूस दिसला. सावकाश हात हलवत होता. ये, ये. जराशी डावीकडे. बस. गाडी झकास लागली. आभार मानायला उतरले तर कुणीच नाही. चहूकडे सपाट लाल माळ, आडोशाला झुडूपसुद्धा नाही. मातीत फक्त आमच्या चाकांचे माग होते.

वाऱ्यानं पुसली असतील पावलं, म्हणून मी चहा ठेवला. वारा नव्हता.

टेनंट क्रीकला तो पुन्हा आला. मरे रांगेत पाणी भरत होता. दोन गाड्यांमधल्या चिंचोळ्या जागेत मी अशी काही घुसवली, की खुर्च्यांवरच्यांनी टाळ्या पिटल्या. वाटेतल्या मुक्कामांवर ओळख झालेला नेव्हिल नावाचा पांढऱ्या दाढीचा गडी उठून आला.

"मानलं तुला, ब्रॉन! मागे कुणी नसताना?"

"हॅटवाले काका होते ना."

"कुठले काका? मी इथेच बसलोय." तो हसला. "बाई, उन्हात टोपी घालत जा."

मी हसून टोपी चढवली. टाळ्या आवडल्या होत्या मला, खोटं कशाला बोलू?

मग उत्तरेकडे माती ओली झाली, हवा अंगाला चिकटायला लागली. माणसाएवढी वारुळं मागे पडली आणि आम्ही खाडीजवळच्या एका नदीकाठी पोचलो. आंब्यांवर वटवाघळं लोंबत होती. काठाला मगरींची पाटी होती. मरे आणि टिल्डा आइसक्रीम आणायला कॅम्पच्या ऑफिसपाशी उतरले. थोड्या वेळानं मरे एकटाच मागे येऊन उभा राहिला. मला वाटलं, टिल्डा तिकडेच आहे. त्याला वाटलं, ती गाडीत बसली.

नेव्हिलही तिथेच मुक्कामाला होता. "बघा रे, उस्ताद आली!" तो ओरडला. सगळ्या खुर्च्या वळल्या.

उजव्या आरशात मरे. ये, ये.

डाव्या आरशात तो. दोन्ही हात वर.

मी ब्रेक दाबला.

"अगं, अख्खं मैदान मोकळं आहे!" मरे ओरडला. "घे ना मागे!"

खुर्च्यांवर खसखस पिकली. कुणीतरी म्हणालं, "उतरला वाटतं रंग!" माझे कान तापले. एवढ्या वाटेत एकदाही अडले नव्हते मी. पाय ब्रेकवरून उचलावासा वाटला, अगदी मनापासून. पण वडिलांचा नियम आडवा आला. मी इंजिन बंद केलं.

कॅरव्हॅनच्या डाव्या चाकामागून टिल्डा रांगत बाहेर आली. हातात आइसक्रीम.

हसणं थांबलं. मरे धावत आला. मी पोरीला छातीशी धरलं आणि सगळ्यांदेखत रडले. नेव्हिलनं डोक्यावरची टोपी काढली. "एवढ्या लोकांसमोर थांबायला छाती लागते, ब्रॉन," म्हणाला. आयुष्यात इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता. रडता रडता मी ताठ उभी होते.

ऊन उतरायच्या आधी मी तिला कॅरव्हॅनमध्ये नेऊन तिचे हातपाय धुतले.

"चाकाखाली का गेलीस गं, बाळा?"

"हॅटवाल्या आजोबांनी बोलावलं." तिनं हात हलवून दाखवला. सावकाश. ये, ये. जराशी डावीकडे. "आणि मी चाकाखाली गेल्यावर ते मागे जाऊन उभे राहिले."

माझ्या हातातला टॉवेल तसाच राहिला.

"आता माझी पाळी," ती म्हणाली. "आता ते आत येणार आणि मी त्यांना वाट दाखवणार, असं ठरलंय."

मी तिला उचलायला पुढे झाले. ती मागच्या खिडकीपाशी पोचलीसुद्धा. बाहेर मैदान रिकामं होतं, पलीकडे नदी.

काचेकडे तोंड करून तिनं हात हलवायला सुरुवात केली होती. ये, ये, ये.