नळकांड्यातली बासरी

"पकडून सोडूनच द्यायचं असतंय... तर मग पकडता कशाला?"

हा प्रश्न महेश्वरीचा नव्हताच मुळी. तो शिवांजलीचा होता, त्याला फोडणी ज्ञानेश्वरीची होती, आणि पैज दोघींची मिळून होती. "जा, विचारून दाखव! बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आलीस, पण कॉलेजात तुझा आवाज फक्त हजेरीला निघतो. आज काढ की!"

येळवशीचा, म्हणजे वेळ अमावास्येचा दिवस होता तो. आपल्या धाराशिवकडं येळवशीला गावात चिटपाखरू राहत नाही, सगळा गाव शिवारात जातो. ज्वारीच्या ताटांत कडब्याची कोप, कोपीत चुन्यानं रंगवलेले पाच दगडांचे पांडव, आणि वाऱ्यावर शेंगा-पालेभाज्यांच्या भज्जीचा असा वास, की पोट भरलेल्या माणसालाही पुन्हा भूक लागावी. महेश्वरीच्या अप्पांचं शेत तामलवाडीच्या शिवेला, थेट तलावाला टेकलेलं. तिघी मैत्रिणी बांधावर बसून हरभऱ्याचे घाटे सोलत होत्या, आणि समोर गुडघाभर पाण्यात उभा राहून एक पोरगा भलतंच काहीतरी करत होता.

त्याच्या हातात लवलवती काठी होती. तिची पिवळी दोरी तो डोक्यावरून मागं टाकायचा, पुढं आणायचा, पुन्हा मागं... आणि मग ती पाण्यावर अशी अलगद उतरायची, की तरंगसुद्धा उठायचा नाही. दोनदा मासा लागला. दोनदा त्यानं तो हातात घेतला, बघितला आणि सोडून दिला.

महेश्वरीचा आवाज ऐकून तो दचकून वळला. हवेतली दोरी हवेतच विसरला आणि ती येऊन पडली त्याच्याच टोपीवर.

"कुणी विचारायला लावलंय?" टोपीतनं दोरी सोडवत त्यानं विचारलं.

"मीच... म्हणजे... त्या दोघींनी."

"मग उत्तर त्यांना सांगू, का तुम्हाला?"

"मला," महेश्वरी म्हणाली, आणि तिचं तिलाच नवल वाटलं.

"बघायला पकडतो," तो म्हणाला. "पाण्याखाली कायतरी हाय, असं नुसतं वाटत असतंय बघा. खरंच हाय का, त्ये हातात आल्याबिगर पटत न्हाय. एकदा पटलं, की सोडायचं."

तेवढ्यात काठी वाकली! तळहाताएवढा चिलापी मासा उसळत जवळ आला, आणि काय झालं कुणास ठाऊक, महेश्वरी चपलांसकट पाण्यात उतरली. तिनं हात पुढं केला.

"हात वले करा आधी!" तो ओरडलाच. मग ओशाळून हळू म्हणाला, "कोरड्या हातानं धरलं, की माशाच्या अंगावरचं बुळबुळीत निघून जातंय. तवा काय दिसत न्हाय... पण मागनं मरतोय त्यो."

तिनं दोन्ही हात पाण्यात बुडवले. आता बघा, ज्या घरातली माणसं मासळीबाजाराची गल्ली टाळायला लांबचा फेरा घेतात, त्या घरातली ही लेक. गळ्यात इष्टलिंग आणि ओंजळीत मासा! थंडगार, जिवंत, धडधडणारा. का धडधड तिचीच होती? तिनं ओंजळ पाण्यात उघडली. मासा क्षणभर तिथंच थांबला आणि गेला.

"मल्हार," तो म्हणाला.

"माशाचं नाव?"

"माझं."

बांधावर शिवांजली आणि ज्ञानेश्वरी एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या. पण हसू तिथंच थिजलं, कारण मागून हाक आली, "महेश्वरी! कोण हाय गं तिकडं?"

महेश्वरीचे वडील शंकरप्पा आंबील शिंपडायचा तांब्या घेऊन येत होते. मल्हारनं झटक्यात काठीचे चार तुकडे केले आणि पाठीवरच्या नळकांड्यात कोंबले. अप्पा जवळ आले, डोळे बारीक केले आणि एकदम खुलले. "अरेच्या! ह्यो तर आपला दोरेवाला!"

त्याचं असं झालं होतं. अप्पांचं तुळजापुरात देवळाच्या वाटेवर दोरे-बटणांचं दुकान. पंधरा दिवसांपासून हा पोरगा तिथं यायचा, सगळ्यात बारीक रेशमी दोरा मागायचा आणि रंग निवडायला अर्धा तास लावायचा. अप्पांनी आपल्या मनानं ठरवून टाकलं होतं, की पोरगा साड्यांवर कशिदा करतो. आता तो त्या दोऱ्यानं गळाला पिसं बांधतो, त्याची खोटी माशी करून मासे फसवतो, हे बिचाऱ्यांना कुठलं ठाऊक!

"असं पारखी गिऱ्हाईक पंचवीस वर्षांत बघितलं न्हाय," अप्पा म्हणाले. "आन् त्या नळकांड्यात काय रे?"

मल्हारनं तोंड उघडलं. पण त्याच्या आधी महेश्वरीच बोलून बसली, "बासरी!"

"व्हय? मग वाजव की एखादं भजन."

"थंडीनं... ओठ फुटलेत काका," मल्हार कसाबसा म्हणाला.

"मग जेव. येळवशीला शिवारातनं कुणी उपाशी जात न्हाय. ए, ऐकलं का? एक पान वाढ अजून!"

अव्वानं, म्हणजे महेश्वरीच्या आई शांताक्कांनी, पान वाढलं. बाजरीचे उंडे, भज्जी, वर आंबील. मल्हार खाली मान घालून जेवला. मान वर केली फक्त दोनदा, आणि दोन्ही वेळा समोर महेश्वरीच होती.

काय हिवाळा होता तो! अजूनही हरभऱ्याच्या पानांवरची आंबट आंब हाताला लागली, की महेश्वरीला तो सगळाच्या सगळा आठवतो. सकाळी तलावावर धुकं दुधावरच्या सायीसारखं धरायचं. करडईला फुलं आली होती. आणि दर रविवारी तिला शेताची अशी ओढ लागायची, की अव्वा म्हणायची, "पोरगी शेतकरी झाली गं बाई!" सोबतीला त्या दोघी असायच्याच. त्या बांधावर हुरडा खायच्या आणि मोठ्यांदा खोकायच्या.

मल्हार तामलवाडीच्या धनगराचा पोरगा. सोलापूरच्या ट्रेकिंगवाल्या मंडळींबरोबर स्वयंपाकी म्हणून हिमाचलात गेला आणि तिथल्या नदीनं त्याला ठेवूनच घेतलं. आता तो तिथं पाहुण्यांना ट्राऊट मासे पकडायला शिकवायचा.

"मग हिवाळ्यात इकडं कसे?"

"हिवाळ्यात ट्राऊट अंडी घालतोय. चार महिने नदी बंद. एक मार्चला उघडती. तवाबी काठाला बर्फ असतंय. काठीच्या कड्यांत पाणी गोठतंय, तोंडात धरून वितळवायचं. नदी अशी हिरवीगार... आन् आवाज असा, की शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतंय."

"आणि हे दोरी फिरवायचं? लई अवघड असेल."

"मनगटाचं काम हाय. ल्हानपणी ज्वारीवरची पाखरं हाकलायला गोफण फिरवायचो, त्येच मनगट. तिथला म्हातारा उस्ताद म्हणला, आधी कुठं शिकलास? म्या म्हणलं, तामलवाडीत!"

माशा बांधायला काळ्या शेरडीचे केस, गळून पडलेली मोराची पिसं आणि अप्पांच्या दुकानातला दोरा. रंगांच्या बाबतीत मात्र गडी अगदीच कच्चा. सगळ्या निळ्याला तो निळाच म्हणायचा.

"हा निळा नाही," महेश्वरी रीळ उन्हात धरून सांगायची. "हा मोरचुदी. तिकडच्या माशांना आवडतो का मोरचुदी?"

"माशांचं म्हाईत न्हाय," तो तिच्या ओढणीकडं बघत म्हणाला. "मला आवडाय लागलाय."

ओढणी मोरचुदी होती. बांधावर खोकल्याची साथ आली.

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही. शिवांजलीला कळलं.

पण खोटं हे आंबलीसारखं असतं, ठेवलं की फुगतं. महाशिवरात्र आठवड्यावर आली आणि अप्पांनी दुकानात मल्हारला गाठलं. "यंदा आमच्या भजनी मंडळात तुझी बासरी पायजे. म्या सगळ्यांना सांगून ठेवलंय."

महेश्वरी गल्ल्याजवळ बटणं लावत होती. तिचा हात थांबला.

मल्हारनं पाठीवरचं नळकांडं काढलं, टोपण उघडलं आणि काठीचे चार तुकडे काउंटरवर मांडले. "काका, ही बासरी न्हाय. मासे धरायची काठी हाय. तुमचा दोरा ह्यालाच लागतो." मग तिच्याकडं न बघता म्हणाला, "महेश्वरीला काय म्हाईत न्हाय. म्याच तिला बासरी म्हणून सांगितलं हुतं."

बाहेर देवीचा जयजयकार चालला होता. महेश्वरीला बोलायचं होतं. अगदी ओठावर आलं होतं... पण ती हातातलं बटण बघत राहिली.

अप्पांनी दोऱ्याचं रीळ उचलून परत फळीवर ठेवलं. "मासा परवडला असता रे बाळा," ते हळूच म्हणाले. "मी चार शब्द बोललो असतो आन् गप बसलो असतो. बासरी न्हाय परवडली. ह्या दुकानातनं तुला आता दोरा मिळायचा न्हाय."

फेब्रुवारी संपता संपता तो निघाला. तुळजापूरच्या स्टँडवर सोलापूरची गाडी लागलेली, आणि लांबवर दोघी मैत्रिणी पाठ करून उभ्या, आज न खोकता.

"मी बोलायला पाहिजे होतं," महेश्वरी म्हणाली. "तू का माझं खोटं अंगावर घेतलंस?"

"तुझे हात त्या वक्ताला कोरडे हुते. तयारीबिगर खरं धरायला गेलं, की त्ये बी मागनं मरतंय," तो हसला. खिशातनं काडेपेटी काढून त्यानं तिच्या हातात दिली. आत मोरचुदी दोऱ्यानं बांधलेली इवलीशी माशी. "नीट बघ. गळाला उलटा काटा असतोय, मासा सुटू नये म्हणून. ह्याचा म्या पकडीनं दाबून टाकलाय. दोरी सैल पडली, की मासा आपसूक सुटतोय. तू बी सैलच ऱ्हा. आठवण आली तर फोन कर, न्हाय आली तर..."

"तर?"

"तर सुटलीस म्हणून मी खूश हुईन." पण त्याचे डोळे काही खूश व्हायच्या तयारीत नव्हते.

गाडी गेली. धूर राहिला.

मग वर्ष कसं गेलं? तसं म्हटलं तर भराभर. महेश्वरीनं एम.एस्सी.ला प्रवेश घेतला. पहिल्याच सेमिनारला ती सगळ्या वर्गासमोर उभी राहिली, विषय गोड्या पाण्यातले मासे, आणि अशी बोलली की सरांनी घड्याळ दाखवून थांबवलं! काडेपेटी पर्समध्ये असायची. तिकडं डोंगर चढून गेल्यावर त्याच्या फोनला रेंज यायची. कधी आठ दिवस काहीच नाही, मग एकदम नदीचा आवाज. फक्त नदी, तीस सेकंद. दोरी चांगली सैल होती. महेश्वरीनं कितीदा तरी स्वतःला तपासून बघितलं, सुटलोय का आपण? ऑगस्टमध्ये तो म्हणाला, "एक नवीन गोष्ट शिकतोय. लई अवघड हाय. इचारू नको."

नोव्हेंबरात त्याची नदी बंद झाली आणि तो गावी आला. पण ना दुकानाकडं फिरकला, ना शिवाराकडं. "अप्पांनी बोलावल्याबिगर न्हाय," म्हणाला. इकडं येळवस दोन दिवसांवर आली, तेव्हा सोलापूरचा एक मुलगा, विरेश, पुढच्या आठवड्यात बघायला येणार, असं अव्वानं बेसन चाळता चाळता सांगून टाकलं.

त्या रात्री महेश्वरीनंच फोन केला. "येळवशीला बांधावर ये. पुढचं मी बोलते."

आणि पुन्हा येळवस आली. तीच कोप, तेच पांडव, तीच भज्जी. अप्पा पानावर बसणार, एवढ्यात तलावाकडून आवाज आला. पीं... फूं... पीं ई ई...

"कोण रे त्यो?" अप्पा दचकले. "मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यावानी!"

"बासरी हाय जणू," अव्वा म्हणाली.

महेश्वरीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि हसूही. म्हणजे हे शिकत होता हा वेडा! ती उठली, घागरीतलं पाणी दोन्ही हातांवर घेतलं आणि तशीच, ओल्या हातांनी, अप्पांच्या समोर येऊन बसली. अप्पांचा हात तिनं हातात घेतला.

"अप्पा, मागल्या साली तो खोटं बोलला दुकानात. मला सगळं माहीत होतं. बासरी मीच म्हणाले होते, माझ्या मनानं. आणि त्याच दिवशी मी ह्या हातांनी मासा धरला होता. आणि सोडला होता."

"अय्यो शिवा!" अव्वानं पळी भज्जीतच सोडली.

बांधावर पुन्हा पीं झालं. तिकडं कान देऊन अप्पा म्हणाले, "आन् ह्ये कशाला शिकला?"

"तुमच्या भजनाला पाहिजे होती ना? माझं खोटं खरं करायला शिकलाय."

"खरं कुठं झालंय अजून," अप्पा पुटपुटले. "सूर एक बी धड न्हाय." पण त्यांनी हात काढून घेतला नाही. मग अगदी हळू विचारलं, "त्यानं तुला अडकवलंय का गं, पोरी?"

महेश्वरीनं पर्समधली काडेपेटी काढून त्यांच्या तळहातावर उघडली. "बघा. ह्याला उलटा काटाच नाही. वर्षभर दोरी सैल होती अप्पा. कधीही सुटता आलं असतं. मी सुटले नाही."

अप्पांनी ती माशी उन्हात धरली, दोऱ्यावरून बोट फिरवलं. पंचवीस वर्षांची नजर ती. "मोरचुदी," ते म्हणाले. "आपलाच हाय."

तेव्हा महेश्वरी उठून उभी राहिली. ओढणी सारखी केली, आणि बांधावरच्यालाही ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाली,

"अव्वा, एक पान वाढ अजून. येळवशीला शिवारातनं कुणी उपाशी जात नाही, अप्पाच म्हणतात. सोलापूरच्या पाहुण्यांना आजच नाही म्हणून कळवा. आणि हे पान आजच्यापुरतं नाही बरं का... मी ठरवलंय. आता दरसाल वाढायचं!"