ओली राहिलेली शाई

छपाईवाल्याचा एक नित्यनेम होता : दुकान उघडताच आधी यंत्राचे शाई फवारणारे हेड पुसावे, मगच जगाकडे पाहावे. यूव्ही छपाईची शाई मोठी मानी. वाऱ्याला ती दाद देत नाही, परंतु उन्हाचा स्पर्श होताच दगड होते. म्हणूनच खिडकीला जाड काळा पडदा होता, आणि काम संपताच हेड त्याच्या ओलसर झाकणावर बसवण्याचा दंडक होता. हेडाची केसाहून बारीक छिद्रे एकदा बुजली की हेड गेले. आणि हेड गेले की दुकान गेले, कारण दुसरे घेण्याची ऐपत नव्हती.

बायको गल्ला सांभाळी. यंत्राला मात्र ती बोट लावत नसे. "ती माझी सवत. तिची उस्तवार तुम्हीच करा," असे म्हणून हसे.

एके दुपारी रंग उन्हात पारखण्यासाठी त्याने पडदा सारला, आणि तेवढ्यात त्याला हुडहुडी भरली. हेड उघडे, पडदा उघडा, अशा स्थितीत तो कसाबसा घरी पोहोचला आणि अंथरुणावर कोसळला.

कित्येक दिवसांनी ताप उतरला. बायको दुकानी गेली होती; उशाशी आई होती. शुद्धीवर येताच त्याला उघडा राहिलेला पडदा आठवला; तापाच्या भरात आपणच उठून तो ओढला असेल का, अशी वेडी आशा वाटली.

"आई, मी मध्ये कुठे गेलो होतो का गं?"

"जातोस कसला! कूस बदलायलाही मी लागत होते. सकाळपासून पट्ट्या ठेवून माझे हात गारठले."

भिंतीचा आधार घेत तो दुकानी पोहोचला. आत अंधार होता. पडदा नीट ओढलेला होता. हेड झाकणावर विसावले होते, आणि शेजारी पुसायच्या कापडाची घडी होती. त्याने ती चाचपली. ओली होती.

त्याने चाचणीची छपाई काढली. कागदावर रेषांची जाळी उमटली. एकही रेघ तुटलेली नव्हती; म्हणजे एकही छिद्र बुजले नव्हते.

"हे कोणी केलं?" त्याने गल्ल्यावरच्या बायकोला विचारले.

"अहो, असं काय विचारता?" बायको म्हणाली. "तुम्हीच की! त्या दुपारी लगेच परत येऊन पडदा ओढलात, आणि मग रोज सकाळी माझ्या पाठोपाठ यायचात. ताप आहे, घरी पडा म्हटलं, तर नुसते हसायचात."

"आणि हे तू घरी बोलली नाहीस?"

"आईला सांगू नकोस, ती रागावेल, असं तुम्हीच बजावलंत ना!" तिने त्याला न्याहाळले. "काल इथे तर किती ताजेतवाने होतात. आज इथेही घरच्यासारखेच खंगलेले का दिसता?"

त्याने तिला आईचे शब्द सांगितले.



त्याला भय वाटायला हवे होते. परंतु त्या अखंड रेषांकडे पाहता पाहता त्याचे डोळे भरून आले. आपला संसार कोणीतरी तळहातावर झेलला होता.

"जो कोणी असशील," तो खोलीतल्या अंधाराला म्हणाला, "तुझे उपकार मी जन्मभर विसरणार नाही."

यंत्राचा पंखा मंद घुमत होता. बायको त्याच्यापासून किंचित दूर सरकून दाराकडे पाहत होती.

"मग," तिने हलकेच विचारले, "उद्यापासून ते यायचे नाहीत का?"