सतराव्या फोटोतलं हँडल

विश्वास ठेवा, नका ठेवू. यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही.

मी जुन्या फोटोंच्या संग्रहालयात काम करते. फोटो स्कॅन करायचे, नोंदी करायच्या. त्या मंगळवारी भर दुपारी तळघरात आम्ही दोघंच होतो. मी आणि माझा सख्खा मामा. त्याने तीस वर्षं थिएटरात प्रोजेक्टर चालवला. यंत्रांचे भाग ओळखायला मीच त्याला बोलावलं होतं.

मीच.

पेटीत अगदी सुरुवातीच्या प्रोजेक्टरांचे बेचाळीस फोटो होते. नुसती यंत्रं. माणूस एकाही फोटोत नाही.

सतरावा फोटो हाताने फिरवायच्या प्रोजेक्टरचा. हँडल वर होतं. स्कॅन केला.

स्क्रीनवर हँडल... खाली.

पुन्हा केला. आता आडवं.

"तुझ्या स्कॅनरलाही माझ्यासारखा चष्मा लागलाय," मामा हसला.

मी स्कॅनर बंद केला. आणि आवाज आला...

टक्-टक्-टक्-टक्.

मामाचं हसू मावळलं.

"फिल्म चाललीय," तो पुटपुटला. "जुन्या काळची. दिव्यासमोर थांबली की भडकायची. फिरवणाऱ्याला हात थांबवायची सोय नव्हती."

आवाज मंदावला... दमल्यासारखा.

मग जळका वास आला.

"अरे, थकलाय तो!" मामा ओरडला. त्याने हवेतच मूठ वळली आणि हात गोल फिरवायला लागला.

आवाज लयीत आला. वास गेला.

"मामा, पुरे! चल वर."

"सोडू नकोस म्हणतोय."

"कोण?"

मी फोटो पेटीत कोंबला, झाकण लावलं. सगळं शांत झालं.

मामाचा हात मात्र फिरतच राहिला.

याला आठ महिने झाले. डॉक्टरांना काही सापडत नाही. मामा डाव्या हाताने जेवतो. झोपेतही उजवा फिरत असतो. एकदा मामीने न राहवून तो घट्ट धरून ठेवला. मिनिटभरच. उशीचा अभ्रा करपला.

काल त्याला भेटायला गेले. मामी चहा टाकत होती. मामा खाटेवर बसला होता, गालफडं बसलेली. हात फिरत होता, पण... हळू.

त्याने माझ्याकडे पाहिलं.

"जरा हँडल धरतेस?"

ज्या मामाने मला सायकल शिकवली, त्याला मी म्हणाले, "उद्या येते." चहाही न घेता निघाले.

सकाळपासून मामीचे चार फोन येऊन गेले.

मी एकही उचललेला नाही.