नव्या हाकेला नकार

“पहारा मी काढला नाही, मॅडम. पण आळ आला तो माझ्यावरच.”

बोलता बोलता त्या मुलीने दाराकडे पाहिलं. एका रक्ततपासणी प्रयोगशाळेचे सर्व्हर ती सांभाळायची. तिथून रुग्णांचे अहवाल चोरीला गेले होते. एका बाईचा आजार तर घरी कळण्याआधी तिच्या ऑफिसात जाऊन पोचला होता.

खासगी तपास करणारी धाकटी शांतपणे ऐकत होती. तिच्याबरोबर हौसेने हिंडणाऱ्या तिच्या थोरल्या भावाचा, दादांचा, मात्र संशय बळावला. पोरगी सारखी दाराकडे का बघतेय?

“कसला पहारा?” त्यांनी विचारलं.

“अहवालाचा प्रोग्राम एका बंदिस्त पेटीत चालतो. कंटेनर म्हणतात तिला. साधी फाईल उघडायची, तरी प्रोग्रामला मुख्य यंत्रणेला हाक मारावी लागते. कोणती हाक जाऊ द्यायची, ते पहारा ठरवतो. आमचा पहारा जुनाट. प्रोग्रामची नवी आवृत्ती नव्या तऱ्हेची हाक मारायला लागली. ‘ही मला माहीत नाही’ असं पहारा म्हणाला असता, तर प्रोग्रामने जुनी हाक मारून काम भागवलं असतं. पण हा सरळ म्हणतो, ‘परवानगी नाही’. प्रोग्राम तिथेच मान टाकतो.”

“मग?” धाकटी म्हणाली.

“मी म्हटलं, कंटेनरची यंत्रणा बदलू, नाहीतर तेवढी एकच हाक मोकळी करू. नीट तपासायला वेळ द्या. मालक भडकले. पासवर्ड काढून घेतले आणि मला घरी पाठवलं.”

प्रयोगशाळेत मालकांचा पारा अजून चढलेलाच होता.

“सूड उगवला तिने! जाताजाता पहारा काढून गेली. पेटीत शिरलेला चोर त्यामुळेच बाहेर पडून सगळ्या अहवालांपर्यंत पोचला, असं तज्ज्ञ सांगतात.”

“ती गेल्यावर प्रोग्राम चालू झाला?” धाकटीने विचारलं.

“कुठला! दुसऱ्या दिवशी मी स्वतः पाहिलं, तेच रडगाणं: परवानगी नाही. शेवटी माझ्या मेहुण्याने प्रोग्राम दुरुस्त केला. चोरीनंतर त्याने पहारा परत लावला, आणि मी धसका घेऊन मूळ प्रोग्राम जसाच्या तसा नव्याने बसवून घेतला. लगेच चालला.”

“घाई यांनाच होती,” दादा जिन्यात कुजबुजले. “यांनीच काढला असणार.”

मेहुणा खुर्चीत रेलून बसला होता.

“सोपं होतं. नवी हाक नाकारली की जुनी मार, असं मी प्रोग्राममध्येच लिहिलं. पहाऱ्याला बोटही लावलं नाही.”

“पासवर्ड आणखी कोणाकडे होता?”

“छे! हिच्याकडून काढून माझ्या हातात आला त्याच दिवशी बदलला, भाऊजींनासुद्धा दिला नाही मी.”

धाकटीने सगळ्यांना सर्व्हरच्या खोलीत बोलावलं. मुलगी दाराशीच उभी राहिली.

“ही गेल्यावरही प्रोग्रामला नकार मिळत होता,” धाकटी म्हणाली. “पहारा नसता तर नकार कोणी दिला असता? म्हणजे ही गेली तेव्हा पहारा जागेवर होता. त्यानंतर पासवर्ड एकाच माणसाकडे.”

दादांनी मालकांवरची नजर हळूच मेहुण्याकडे वळवली.

“पण मी प्रोग्राम दुरुस्त—”

“तो दुरुस्त केलेला प्रोग्राम तर आता नाहीच. तुमच्या भाऊजींनी मूळचा बसवलाय, नव्या हाकेवर अडून बसणारा. यंत्रणा तीच जुनी. तुम्ही म्हणता पहाराही परत लावलाय. मग हा चालतो कसा?”

मेहुणा सर्व्हरच्या पडद्यापुढे आडवा आला.

“तुमची दुरुस्ती कधी नव्हतीच. तुम्ही पहारा काढलात. आणि चोरीनंतरही परत लावला नाहीत, कारण लावला असता तर प्रोग्राम बंद पडून थाप उघडी पडली असती.”

मेहुण्याचा चेहरा उतरला. “भाऊजी रोज ऐकवायचे, तुझ्याने काही होत नाही म्हणून. एकदा तरी करून दाखवायचं होतं. एका ओळीचं काम होतं. नंतर लावणारच होतो.”

मालकांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. ते मुलीकडे वळले, घसा खाकरला. “झालं गेलं विसर. उद्यापासून ये कामावर.”

“उद्याचं उद्या बघू,” ती त्यांना ओलांडून पुढे आली आणि तिने कीबोर्ड ओढून घेतला. “लोकांचे अहवाल या क्षणीही उघड्यावर पडलेत. आधी सरका.”