मागचं दार उघडंच होतं

साहेब, तुम्ही खोटं बोललात.

चार वर्षांपूर्वी कॅमेऱ्यापुढं उभं राहून तुम्ही सांगितलंत, "मागचं दार उघडंच होतं. लोक घाबरून पुढच्या दाराकडं पळाले." नाकाला रुमाल होता तुमच्या. तेवढा मला पक्का आठवतो.

तुमचं नाव लिहीत नाही. तुम्ही वाचाल तेव्हा तुम्हाला कळेल, तेवढं बास.

बाकीच्यांना सांगते. ही गोष्ट ऐकीव नाही. मी तिथं होते. मी वृषाली, सणसरची. एमआयडीसीत दुधाच्या पिशव्या भरायच्या खात्यात कामाला आहे. लिहायला मला कुणी शिकवलेलं नाही, त्यामुळं गोड लिहिता येत नाही. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता.

नव्हता.

गेल्या वैशाखातला रविवार. माझी धाकटी बहीण स्वरूपा, तिचं लग्न. बारामतीच्या बाहेर, एमआयडीसीच्या पुढं, एक मोठा एसी हॉल आहे. पुण्यातल्यासारखा. पुढं सगळी काच, दारात कारंजं, आत भिंतीएवढा एलईडी पडदा. हॉल नवऱ्याकडच्यांनी ठरवला होता. आम्ही आधी पाहिलाही नव्हता.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. भर दुपार होती. डोकं तापेल असं ऊन.

आमचे आबा गाडीतून उतरले आणि पार्किंगच्या कडेला, बोअरशेजारच्या सिमेंटच्या कट्ट्यापाशी थांबले.

हलेचनात.

"आबा, चला की. पाव्हणं खोळंबल्यात."

आबांनी कट्ट्यावर हात ठेवला.

"वृषे... हितंच ठिवलं हुतं आक्काला."

मी कट्ट्याकडं पाहिलं, मग हॉलकडं.

आक्का म्हणजे आबांची थोरली बहीण. माझी द्वारका आत्या. चार वर्षांपूर्वी एका लग्नाला गेली ती परत आलीच नाही. तोच हा हॉल. नाव बदललं, रंग बदलला, पुढं काच लावली. कट्टा तेवढा पाडायचा राहिला.

त्या दिवशी काय झालं ते ऐका, वाचलेल्यांनी सांगितलेलं. अक्षता वाटून झाल्या होत्या. पण पुढारी यायचे होते. ते आले. मग सत्कार. फेटा, नारळ, टाळ्या. पुन्हा फेटा, नारळ, टाळ्या. मुहूर्त टळून गेला आणि माणसं मुठी आवळून बसलेली. आत्याचं एक होतं. एकदा हातात घेतलेल्या अक्षता ती खाली ठेवायची नाही. नवरानवरीवरच टाकणार.

मग छतातून धूर आला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या, साहेब. त्यांना वाटलं, नवरीची एन्ट्री आहे. आग होती ती.

पुढारी पुढच्या दारानं निघून गेले. मागच्या दाराला बाहेरून कुलूप. का, तर बिनबोलावलेले लोक जेवायला घुसतात म्हणून. आत्या त्या दारापाशी सापडली. आणखी बायका होत्या. तिची उजवी मूठ काही केल्या उघडली नाही. आबांनी बोटं सोडवायचा लई प्रयत्न केला. शेवटी मूठ तशीच घेऊन ती सरणावर गेली.

आणि तुम्ही म्हणता, दार उघडं होतं.

मी आबांना म्हणाले, "हितं लगीन नको."

"आता काय करतीस? हळद लागलीय पोरीला. गप ऱ्हा. कुणाला बोलू नगंस. लगीन लागलं की निघू."

मी आत गेले.

पूर्वी जिथं मागचं दार होतं, तिथं आता स्टेज होतं. फुलांची भलीमोठी भिंत, राजाराणीच्या खुर्च्या. आणि फुलांच्या वर, अगदी छताजवळ, एक हिरवा दिवा. त्यावर लिहिलेलं, 'बाहेर'. खाली बाण.

बाणाखाली दार नव्हतं.

मॅनेजरला धरलं. "ह्या पाटीखालचं दार कुठाय?"

"बुजवलं की, ताई. श्टेज बसत नव्हतं."

"मग पाटी कशाला?"

"पाटी लागती तपासणीला. ती हाय." वर हसला. "दार कशाला पायजे? नवरी पळून जानार हाय व्हय?"

अक्षता वाटल्या. गुलाबी रंगाच्या. सगळ्यांच्या मुठी मिटल्या. पण इथंही पुढारी यायचे होते, आणि माइकवर नागेश नावाचा निवेदक सुरू झाला.

"भाऊ निघालेले आहेत! भाऊ कुठल्याही क्षणी आपल्यात असतील! तोवर आपण मान्यवरांचा सत्कार..."

फेटा. नारळ. टाळ्या.

आणि टाळ्या थांबल्या की...

ठक. ठक.

मला वाटलं, स्वयंपाकघरात काही ठोकत असतील.

पुढचं नाव. फेटा. नारळ. टाळ्या.

ठक... ठक... ठक.

स्टेजच्या मागून.

मी बाहेरून वळसा घालून मागं गेले. मागं ऊस. भिंतीला चिकटून उभा. एक पान हलत नव्हतं, माणूस तर दूरच. दाराच्या जागी सिमेंटचा चौकोन दिसत होता, बाकीच्या भिंतीपेक्षा नवा.

मी कान लावला.

ठक. ठक. ठक. आतून.

पळत आत आले. फुलांच्या फळीमागं शिरले. तिथंही कुणी नव्हतं. हॉलमध्ये एसीनं बायका पदर अंगाभोवती घेऊन बसलेल्या, आणि ती भिंत...

ती भिंत तापलेली होती. तव्यासारखी. हात टेकवता येईना.

मग आवाज आला. नुसत्या ठोक्यांचा नाही. ठोक्याबरोबर बांगड्या वाजत होत्या. माझ्या छातीच्या उंचीवर. आत्या बुटकी होती.

मी नवऱ्याच्या वडिलांकडं गेले. रणजितराव. "मामा, पाया पडते तुमच्या. अक्षता टाकून घ्या. सत्कार मागनं करू."

"भाऊ आल्याबगर अक्षता न्हाईत," ते म्हणाले. "आमच्या घरात पद्धत हाय ती."

"आन मुहूर्त?"

"भाऊ आलं की मुहूर्त."

तेवढ्यात दिवे मंद झाले. स्वरूपाची एन्ट्री. यंत्रातून पांढरा धूर सोडला. लोकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

आबा खुर्चीतून उठले.

आणि मग भिंत नुसती बडवली जायला लागली.

एक हात नव्हता तो. खूप हात होते. नागेशच्या माइकनं ते पकडलं आणि सगळ्या स्पीकरांतून हॉलभर घुमलं. ठक ठक ठक ठक ठक...

"ढोलवाले, जरा दम धरा की राव!" नागेश हसत म्हणाला.

ढोलवाले माझ्या समोर बसले होते. हात मांडीवर ठेवून. सगळ्यांची तोंडं स्टेजकडं.

नागेशचं हसू विरलं.

मी स्टेजवर चढले आणि माइक हिसकावला.

"सगळे बाहेर व्हा! लगीन बाहेर लागंल! ह्या हॉलला मागनं दार न्हाई. चार वर्षांमागं हितं माणसं मेली, माझी आत्या मेली. मुठीत अशाच अक्षता हुत्या तिच्या!"

रणजितराव धावून आले. "ए बाई, येड लागलंय का तुला? लगीन मोडायचं हाय का भनीचं?"

स्वरूपा धुरात उभी होती. रडत होती. माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं तिनं, ती नजर मी विसरणार नाही. मोडलं असतं लग्न, तर ती मला आयुष्यभर क्षमा करणार नव्हती.

मग आबा आले. ज्यांनी मला गप्प बसवलं होतं, ते. फेटा काढून त्यांनी व्याह्यांच्या पायावर ठेवला.

"पाव्हणं, माझी भन त्या भिताडात हाय. ऐका की... अजून ठोठावतीय."

सगळा हॉल ऐकत होता.

नवरा पोरगा, ऋषिराज, खाली उतरला. स्वरूपाचा हात धरला आणि चालायला लागला. त्याच्या मागून बायका उठल्या. मग सगळेच. रणजितराव सगळ्यांत शेवटी निघाले. मागं वळून वळून भिंतीकडं बघत.

भर उन्हात, त्या कट्ट्यापाशी अंतरपाट धरला. भाऊ आलेच नव्हते. कुणी विचारलंही नाही. 'शुभमंगल सावधान' झालं, अक्षता पडल्या...

आणि आतले ठोके बंद झाले.

एकदम.

तळहात गुलाबी झाले होते सगळ्यांचे. जेवणं कुणाला गोड लागली नाहीत. स्वरूपाची पर्स खुर्चीवर राहिली होती, ती आणायला मी एकटी आत गेले.

हॉल रिकामा. एसी चालू. हिरवा दिवा चालू.

भिंतीला हात लावला. गार.

वळले, आणि पायाखाली काहीतरी करकरलं.

राजाराणीच्या खुर्च्यांपुढं, जिथं नवरानवरी उभी राहणार होती, बरोबर तिथं...

अक्षता पडल्या होत्या.

गुलाबी नाहीत. हळदीच्या. काही दाणे जळून काळे झालेले. एका मुठीत मावतील एवढ्याच.

त्या मी पदरात घेतल्या. अजून माझ्याकडं आहेत, एका डब्यात. घरात ठेवायला भीती वाटते, टाकून द्यायलाही. आबा त्या डब्याकडं बघत नाहीत. आणि कधी कधी, कामावर यंत्र थांबलं की, मला ते ठोके ऐकू येतात. कारण आत्या एकटी नव्हती. बाकीच्यांच्या मुठी अजून मिटलेल्याच असतील.

हॉल चालू आहे, साहेब. येत्या रविवारी तिथं लग्न आहे. बाहेर बोर्ड लागलाय. त्या दिव्याखाली अजून दार नाही, आणि हॉल तपासून पास करून गेलेला माणूस तुमच्याच खात्याचा होता.

म्हणून विचारते. आणि उत्तर पाहिजे. रुमाल बाजूला काढून, सगळ्यांसमोर.

दार उघडं होतं ना?

मग आतून ठोठावतंय कोण?